स्मृतिवर्धक गोळीआधी रक्ततपासणी

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर व दौंड तालुक्यांतील अनेक तरुणांचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांत जातो. घरातील वृद्धांची वाढती विस्मृती त्यामुळे उशिरा ध्यानात येते. आणि आली, की पहिला उपाय म्हणून स्मृतिवर्धक कॅप्सूल विकत आणली जाते. अशा पूरक आहाराने अल्झायमरची गती खरोखर मंदावते काय?

आजवरचा पुरावा फारसा आशादायक नाही. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षे गिंको बिलोबाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. स्मृतिभ्रंश टळला नव्हता. ओमेगा-३ गटातील डीएचएच्या चाचणीचीही २०१० मध्ये तीच गत झाली. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रुग्णांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता काहीशी सावकाश घटते, असे २०१४ मध्ये दिसले. स्मरणशक्तीला मात्र लाभ झाला नाही.

आपल्याकडे मात्र एका जीवनसत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व ग्रामीण भागातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. या कमतरतेने येणारी विस्मृती अल्झायमरसारखी भासू शकते. परंतु वेळीच उपचार झाल्यास ती सुधारू शकते. बी-१२ हे अल्झायमरवरील औषध नव्हे, पण त्याची कमतरता तपासल्याविना अल्झायमरचा शिक्का मारणेही योग्य नव्हे.

पूरक आहाराच्या वेष्टणावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो बारीक मजकूर ग्राहक क्वचितच वाचतो. साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश असून शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक असल्याचे २०२३ मधील राष्ट्रीय पाहणी सांगते. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बी-१२, थायरॉइड व रक्तशर्करेची तपासणी सहज मिळणे, हीच खरी गरज आहे. ती मिळाली नाही, तर बरा होऊ शकणारा वृद्धही कॅप्सूलच्या भरवशावर मौल्यवान काळ गमावून बसेल.