दयेचा रमणा आणि शाळेचा उंबरठा

पेशवाईत पर्वतीच्या रमण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. घेणाऱ्यांना आवारात घ्यावयाचे आणि बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर नाणी ठेवावयाची, अशी ती रीत होती. पेशवाई गेली, रमणा मात्र गेला नाही. नेत्याच्या वाढदिवशी मंडप पडतो, अपंगांना सकाळपासून ताटकळत बसविले जाते आणि दुपारी चाकाच्या खुर्च्या, कुबड्या व श्रवणयंत्रे छायाचित्रकारासमोर हाती दिली जातात. वसई-विरारसारख्या शहरांत हे दृश्य नवे नाही, आणि डाव्या विचारांचे म्हणविणारे कार्यकर्तेही असे मंडप घालताना संकोचत नाहीत. ती खुर्ची दुसऱ्या दिवशी कोणत्या शाळेच्या पायऱ्या चढणार आहे, हा प्रश्न मंडपात कोणी विचारीत नाही.

अपंग मुलाच्या शिक्षणाचा विचार या देशात दयेच्या खात्यावर मांडला गेला, हे सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंगांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा असे निःसंदिग्ध सांगितले होते. प्रत्यक्षात १९७४ साली एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली ती समाजकल्याणाच्या विभागात. शिक्षण विभागाकडे ती १९८२ मध्ये गेली. महाराष्ट्रात विशेष शाळा दीर्घकाळ सामाजिक न्याय खात्याच्या छायेत राहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी दिव्यांग कल्याण हे स्वतंत्र खाते निघाले. खाते बदलले, नाव बदलले, अपंगाचा ‘दिव्यांग’ झाला. परंतु ज्याला जिना चढता येत नाही त्याला दिव्यत्व बहाल केल्याने जिना सपाट होत नाही. जुना शब्द कठोर असला तरी प्रामाणिक होता, म्हणून येथे तोच वापरला आहे.

हक्काची भाषा कायद्यात आली ती १९९५ साली, तीही कोणाच्या कृपेने नव्हे. १९ डिसेंबर १९९५ रोजी अपंग स्त्री-पुरुष जावेद अबिदी आदींच्या पुढाकाराने दिल्लीत संसदेच्या दारी येऊन बसले आणि २२ डिसेंबरला विधेयक संमत झाले. अमेरिकेतही असेच घडले होते. भेदभावास मनाई करणारे कलम १९७३ मध्ये मंजूर होऊनही नियमावली अडकवून ठेवण्यात आली, तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत अपंगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले आणि सही मिळविली. सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांना हा इतिहास पाठ असायला हवा होता.

१९९५ च्या कायद्याचे २६ वे कलम सांगत होते की अपंग मुलाला अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळाले पाहिजे. त्यात अट नव्हती. परंतु त्याच कायद्यात सार्वजनिक इमारतींच्या उतरंडीची जबाबदारी घालताना ‘आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवली होती. म्हणजे वर्गात बसण्याचा हक्क बिनशर्त आणि वर्गापर्यंत पोहोचण्याचा सशर्त! आर्थिक कुवत ही निसर्गदत्त वस्तू नाही. अर्थसंकल्पात कोणाला आधी वाढावयाचे हे ठरले की उरलेल्यांसाठी कुवत संपलेली असते, आणि उरलेले कोण हेही ठरलेलेच असते.

वसई-विरारमध्ये याचा प्रत्यय अधिक तीव्रतेने येतो. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका उभी राहिली. वसई-विरार शहराची २०११ ची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. एवढ्या मोठ्या शहरातील सरकारी प्राथमिक शाळा मात्र पुढे अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. कर पालिकेला आणि शाळा परिषदेची, अशा दुभंगलेल्या कारभारात उतरंड कोणी बांधावयाची? २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण ठाणे होते. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही तर सवलत नाही, आणि त्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालय. विरारच्या लोकलमध्ये धडधाकट माणसाला पाय टेकवता येत नाही. तेथून पोलिओ झालेल्या मुलाला कडेवर घेऊन ठाण्याला जाणाऱ्या आईची रोजंदारी बुडते, ती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंगांची नोंद झाली. हेच प्रमाण धरले तर त्या वेळच्या या शहरात तीस हजारांच्या आसपास अपंग असावेत. हा अंदाज आहे, आणि कमीच असण्याचा संभव आहे. १९९१ च्या जनगणनेत तर हा प्रश्नच वगळला होता.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि शासनमान्य सर्व शाळांवर समावेशित शिक्षणाची जबाबदारी टाकली. शिकवणार कोण, हा प्रश्न राहिलाच. विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर ठेवले गेले. २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम पदांचा आदेश दिला. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्राने २०२४ साली ४,८६० पदे मान्य केली, म्हणजे प्रत्येक केंद्रामागे एक. एका केंद्रात दहा किंवा त्याहून अधिक शाळा. अंध, कर्णबधिर, मतिमंद आणि स्वमग्न अशा सर्व मुलांना एकाच शिक्षकाने फिरत्या पायांनी शिकवावयाचे, याला समावेशन म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

विशेष शाळा मोडीत काढा, असा याचा अर्थ कोणी करू नये. १९०० मध्ये मुंबईत अ‍ॅना मिलर्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा आणि ती बोलणारे सवंगडी लागतात. २०१६ च्या कायद्यानेही विशेष शाळा निवडण्याची मुभा ठेवली आहे. आक्षेप आहे तो निवड पालकांऐवजी मुख्याध्यापकाने करण्याला. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो मुलाचा पर्याय आहे. शाळेने ‘याला घरीच ठेवा’ म्हणावे यासाठी दिलेला परवाना नव्हे. वसईत ख्रिस्ती संस्थांच्या नामांकित शाळा अनेक आहेत. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याबाहेर गेल्या, आणि त्या निकालाच्या फेरविचाराची निकड न्यायालयालाच २०२५ मध्ये वाटली. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अशी सूट नाही, ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही.

त्यात २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याचे वारे वाहू लागले. पारोळ-भाताण्याच्या बाजूच्या पाड्यावरील अपंग मुलाला पाच मिनिटांवरची शाळा हाच एकमेव आधार असतो. ती बंद झाली की कायदा न बदलता त्याचा हक्क संपतो.

दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करून अपंग मुले शोधावीत, असे २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम सांगते. पहिले सर्वेक्षण एप्रिल २०१९ पूर्वी व्हावयाचे होते. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांवर खर्च करावा, असाही शासनाचा आदेश आहे. वसई तालुक्याच्या सर्वेक्षणाचे शाळावार आकडे आणि त्या पाच टक्क्यांचा हिशेब माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागता येतो. पुढचा वाटपाचा मंडप घालण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी तो अर्ज टाकावा.