लिंक दिलीत, फोटो कुठे आहेत?

प्रति,
व्यवस्थापक,
फोटो ठेवून घेणारी एक वेबसेवा (नाव मुद्दामच घेत नाही)

नाशकात गोदेला पूर आला की पहिला प्रश्न एकच असतो : दुतोंड्याला पाणी कुठवर आलं? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते सरकार सांगते. पण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, हे ऐकून घाटालगतचे दुकानदार माल हलवतात. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर मारुतीच दिसेनासा झाला. पाणी चढताना आणि उतरताना आम्ही मंडळी त्याचे फोटो काढायचो आणि ते तुमच्याकडे ठेवायचो.

तुमच्याकडेच, कारण सोयच तशी होती. तुमच्या एपीआयची की घ्यायची आणि पायथनच्या थोड्या ओळी लिहायच्या. फोल्डरमध्ये नवा फोटो पडला की प्रोग्रॅम तो लहान करून तुमच्या सर्व्हरला पाठवी, उत्तरात लिंक येई आणि तारीख-वेळेसह आमच्या पुराच्या पानावर लागे. भर पावसात घाटावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त फोटो काढायचे काम उरे. खाते उघडायचीही गरज नाही, हे तुमच्याच माहितीपानावर ठळक लिहिलेले होते.

मग धोरण बदलले. खात्याशी न जोडलेले आणि बरेच दिवस कुणी न पाहिलेले फोटो तुम्ही काढून टाकलेत. अहो, मोठा पूर काय दरवर्षी येतो? मधल्या कोरड्या वर्षांत त्याचे फोटो कोण बघत बसणार? ते लागतात पुढचे पाणी चढू लागले की.

फोटो गेले त्यापेक्षा ते ज्या रीतीने गेले, ते जास्त लागले. फोटो सापडत नसेल तर सर्व्हरने ४०४ म्हणावे, कायमचा गेला असेल तर ४१० म्हणावे, हा वेबचा साधा शिष्टाचार. तुम्ही मात्र 'चित्र उपलब्ध नाही' असे लिहिलेला करडा चौकोन पाठवलात आणि सोबत २००, म्हणजे सारे आलबेल! आमचा तपासणीचा प्रोग्रॅम रोज हिरवी खूण दाखवत राहिला आणि पानावर मारुतीच्या जागी करडे चौकोन. मूळ फोटो काहींकडे आहेत. काहींचे फोन २०१९ च्या त्या पुरातच गेले.

असे करणारे तुम्ही पहिले नाही, हे ठाऊक आहे. २०१७ मध्ये फोटोबकेटने दुसऱ्यांच्या पानांवर फोटो दाखवण्यासाठी अचानक वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले आणि जगभरची पाने उघडी पडली. मे २०२३ पासून इमगुरने खात्याविना चढवलेले जुने, पडून असलेले फोटो पुसायला घेतले; पण निदान काही आठवडे आधी जाहीर तरी केले.

डिस्क, वीज, बँडविड्थ फुकट येत नाही, हे आम्हालाही कळते. पैसे मागायचे होते, वर्गणी काढून दिले असते. सेवा बंद करायची होती, आम्ही फोटो हलवले असते. पण फुकट म्हणून बोलावायचे, सवय लावायची आणि पाठ फिरली की सामान रस्त्यावर काढायचे, ही कुठली रीत?

आता मागणे एवढेच. पुसण्याआधी किमान सहा महिने सांगा. खाते नसले तरी ज्या कीने फोटो चढवले त्या कीच्या मालकाचा ईमेल तुमच्याकडे आहेच. एपीआयने जसे घेतलेत तसेच एपीआयने एकगठ्ठा परत द्या. आणि गेलेल्याला गेले म्हणा.

वाचकहो, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाटावरून फोटोंचा पूर येईल. मूळ फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवा. सर्वांच्या उपयोगाचे फोटो मुक्त परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. तिथेही एपीआय आहे आणि ते चालवणारी संस्था नफ्यासाठी चालत नाही. फुकटच्या लिंकवर गावाची नोंद सोपवू नका.

आपला,
गोदाकाठचा एक नाराज वापरकर्ता, नाशिक