५१ पैकी ५१

पूर्व लंडनमधील बार्किंग आणि डॅगनम ह्या नगरविभागात ६ मे २०१० रोजी झालेल्या कौन्सिल निवडणुकीचा निकाल स्थानिक स्वराज्याची चाड असणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. २०१० पर्यंत गोऱ्यांखेरीज कोणालाही सभासद करून न घेणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे १२ नगरसेवक २००६ साली तेथे निवडून आले होते. चार वर्षांनी मतदारांनी त्या पक्षाला एकही जागा दिली नाही; ५१ पैकी ५१ जागा मजूर पक्षाकडे गेल्या. त्याच दिवशी पार्लमेंटसाठी बार्किंगमधून उभे राहिलेले ह्या पक्षाचे नेते निक ग्रिफिन तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि मजूर पक्षाच्या मार्गारेट हॉज सोळा हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. सभ्य समाजाला हायसे वाटावे असाच हा कौल होता. त्याबद्दल तेथील मतदारांचे अभिनंदन करताना आम्ही हात आखडता घेणार नाही. तथापि विजयाचे चौघडे थांबल्यावर जो प्रश्न उरतो, तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

मुळात २००६ चा अनर्थ घडलाच का? हा विभाग पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाचा बालेकिल्ला होता. १९२१ पासून लंडन काउंटी कौन्सिलने येथे बेकन्ट्री ही कामगार वसाहत उभारली. सव्वीस हजारांच्या आसपास घरांची ही सार्वजनिक वसाहत त्या काळी जगात सर्वांत मोठी गणली जाई. १९३१ साली डॅगनमला फोर्डचा कारखाना सुरू झाला. कारखान्यात नोकरी आणि कौन्सिलचे घर ह्या दोन खांबांवर हजारो संसार उभे राहिले. पुढे दोन्ही खांब कलले. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे विकत घेण्याचा हक्क मिळाला. विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी घरे बांधली गेली नाहीत. २००२ साली फोर्डने तेथील मोटारींची जुळणी बंद केली. विकली गेलेली बरीच घरे कालांतराने खाजगी मालकांच्या हाती जाऊन भाड्याने दिली गेली आणि लंडनच्या इतर भागांतून, तसेच परदेशांतून आलेली कुटुंबे तेथे राहू लागली. आपल्या मुलाला घर मिळत नाही आणि शेजारी मात्र नवा माणूस राहावयास येतो, एवढेच जुन्या रहिवाशाला दिसत होते. आफ्रिकी लोकांना ह्या भागात घर घेण्यासाठी पन्नास हजार पौंडांचे अनुदान दिले जाते, अशी धादांत खोटी पत्रके ब्रिटिश नॅशनल पार्टीने वाटली. ती खरी मानली गेली, कारण खरे काय ते सांगावयास कोणी दारात आलेच नव्हते. जागा हमखास आपलीच असे समजणारा पक्ष मतदाराचा उंबरठा झिजविण्याचे कष्ट घेत नाही.

२०१० साली ही चूक सुधारली गेली. कार्यकर्ते घरोघर गेले, लोकांची गाऱ्हाणी त्यांनी ऐकून घेतली आणि अफवांना उत्तरे दिली. पार्लमेंटचे मतदान त्याच दिवशी असल्याने मतदारही अधिक संख्येने बाहेर पडले. द्वेषाचा पराभव कसा करावा ह्याचा हा वस्तुपाठच होय.

परंतु त्यानंतर २०१४, २०१८ आणि २०२२ अशा तिन्ही निवडणुकांत पुन्हा सर्वच्या सर्व ५१ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. सर्व नागरिक एकमताचे झाले, असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. तेथे बहुतेक वॉर्ड तीन सदस्यांचे असतात आणि मतदाराला तितकीच मते असतात. सर्वाधिक मते मिळविणारे तिघे निवडून येतात. आपल्याकडील बहुसदस्य प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यावे लागते. तेथे तसे नाही. तरी परिणाम एकच, की ज्याची लाट त्याचे सर्व उमेदवार तरून जातात. २०१४ साली यूकेआयपीला तेथे दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली, पण जागा एकही नाही. त्या पक्षाची मते आम्हांस मान्य नाहीत. पण त्याला मत देणारा माणूस कौन्सिलच्या दृष्टीने नाहीसाच झाला, हेही आम्हांस मान्य नाही.

इंग्लंडच्या २००० च्या कायद्याने कौन्सिलच्या कारभाऱ्यांवर देखरेख ठेवण्याचे काम नगरसेवकांच्या छाननी समित्यांकडे सोपविले. कारभारी आणि छाननी करणारे एकाच पक्षाच्या बैठकीतून उठून येत असतील, तर ती छाननी कितपत कठोर होईल? आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. शंका विचारण्यास एकही हात वर होत नाही, तेव्हा धडा सर्वांना समजला असे मानणारा शिक्षक परीक्षेच्या निकालाने हमखास चकित होतो. २००६ साली मजूर पक्षाचे नेमके तेच झाले होते.

महाराष्ट्रातील वाचकाने हे दूरदेशीचे प्रकरण समजू नये. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभासदच नव्हते. बार्किंगमध्ये विरोधक नव्हते. येथे प्रश्न विचारणारे कोणीच नव्हते. सवाल न होता चाललेला कारभार सुरळीत भासतो, हाच त्यातील धोका आहे.

स्कॉटलंडने २००७ पासून कौन्सिल निवडणुकांत मतांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व देणारी पद्धत स्वीकारली आहे. इंग्लंडनेही तिचा गंभीरपणे विचार करावा. ती येईपर्यंत सर्व जागा जिंकणाऱ्या पक्षावर दुप्पट जबाबदारी येते: आपल्याच सभासदांना प्रश्न विचारण्याची मोकळीक देणे, आणि निवडणूक नसलेल्या वर्षीही मतदाराच्या दारात जाणे. दार वाजविण्याचे काम मित्रांनी सोडले, की ते शत्रू हाती घेतो.