कचकड्याचा वीर

गेल्या महिन्यांत टपालवाल्यानें आमच्या घरीं एक लहानशी पेटी आणून दिली. ती आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांच्या नांवची होती. चिरंजीवांचें वय चव्वेचाळीस. दोन मुलांचे बाप. कचेरींत दहा माणसें त्यांच्या हाताखालीं. पेटींत कांहीं कामाची वस्तु असावी असें आम्हांस वाटलें. उघडून पाहतों तों आंतून निघाला साडेपांच इंच उंचीचा कचकड्याचा एक पहिलवान ! पिवळे केस, कमरेस केसाळ लंगोट, फुगलेले दंड, आणि दोन्ही पाय खुळखुळ्यासारखे हलणारे. सूनबाई हंसल्या, नातवंडें हंसलीं, आम्हीही हंसलों. मग त्या जुन्या बाहुल्याची किंमत कळली आणि आमचें हंसणें थांबलें.

अडतीस वर्षें शिक्षकी केलेल्या माणसास अशा प्रसंगीं उपदेश सुचावयास वेळ लागत नाहीं. परंतु बोलण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, असें आम्ही वर्गांत सांगत आलों. म्हणून प्रथम या वीराचें चरित्र चिरंजीवांकडून ऐकून घेतलें. तें वाचकांसही सांगण्याजोगें आहे.

या वीराचें नांव ही-मॅन. जन्मस्थान अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांत. कुल मॅटेल नांवाच्या खेळणीवाल्या कंपनीचें. १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानें तिकडील मुलांस वेड लावलें. त्या चित्रपटाचीं खेळणीं करण्याचा हक्क मॅटेलनें आधींच नाकारला होता. तो केनर या दुसऱ्या कंपनीनें घेतला आणि तिनें अमाप पैसा मिळविला. हातचें गेलेलें भरून काढण्यासाठीं मॅटेलला आतां स्वतःचाच एक वीर हवा झाला. कंपनींतील मार्क टेलर या चित्रकारानें रानटी योद्ध्यांचीं चित्रें काढलेलीं होतीं. रॉजर स्वीट यानें ‘बिग जिम’ नांवाच्या कंपनीच्याच जुन्या बाहुल्यावर माती थापून त्याची छाती आणि दंड फुगविले व तीन नमुने वरिष्ठांपुढें मांडले. वीराचा खरा जनक कोण, याविषयीं दोघांत पुढें वाद राहिला. १९८२ सालीं बाहुले बाजारांत आले. वीराचें वाहन जो वाघ, तो ‘बिग जिम’च्याच संचांतला, साचा जुना, रंग मात्र हिरवा. थोरल्याचा सदरा धाकट्यास बेतावा, त्यांतलाच हा प्रकार !

बाहुल्याच्या कमरेंत स्प्रिंग असते. धड पिळून सोडलें कीं तो ठोसा मारतो. त्याचा वैरी स्केलेटर. अंग निळें आणि तोंडाच्या जागीं कवटी. दोघांचें भांडण ग्रेस्कल नांवाच्या किल्ल्यासाठीं. प्रत्येक बाहुल्याबरोबर एक चिमुकलें चित्रपुस्तक मिळे. पहिल्या पुस्तकांतला ही-मॅन हा रानांतील टोळीचा योद्धा आहे. ॲडम नांवाचा भित्रा भासणारा राजपुत्र तलवार उंचावून मंत्र म्हणतो आणि ही-मॅन होतो, ही कथा मागाहून जोडली गेली.

ती घरोघर पोंचविली ती फिल्मेशन या संस्थेच्या चित्रमालिकेनें. १९८३ ते १९८५ या काळांत तिचे १३० भाग निघाले. खर्च वांचविण्यासाठीं धांवण्याचें, उडीचें, ठोशाचें तेंच चित्र पुनःपुन्हा वापरीत. मुलांस त्याचें कांहीं वाटत नसे. जाणत्या पालकांस मात्र वाटलें. ही गोष्ट नसून अर्ध्या तासाची जाहिरात आहे, अशी टीका झाली. आणि १९९० सालीं तेथील विधिमंडळानें मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेस मर्यादा घालणारा कायदा केला. तोंवर वीराचे दिवस सरले होते. १९८७ सालचा चित्रपट चालला नाहीं, खेळण्यांचा खप एकाएकीं कोसळला, आणि १९८९ सालीं फिल्मेशनचेंही दार बंद झालें.

हें ऐकून आमचा उपदेश अधिकच बळकट झाला. आम्ही म्हणालों, “पाहा, व्यापाऱ्यानें आधीं बाहुला ओतला, मग तो खपावा म्हणून कथा रचली. अशा वस्तूवर चाळीस वर्षें प्रेम करणें म्हणजे दुकानदाराच्या पाटीवर प्रेम करणें होय.” चिरंजीवांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “बाबा, १९८८ सालची ती गोष्ट आपल्याला आठवते का ?”

आम्हांस आठवत होती. त्या सुमारास ही चित्रमालिका आपल्या दूरदर्शनवरही दिसूं लागली होती, आणि लिओ या छापाचे ही-मॅन आपल्याच देशांत तयार होऊन दुकानांत येत. चिरंजीव तेव्हां सात वर्षांचे. त्यांनीं बाहुला मागितला. आम्हीं नाहीं म्हटलें. शिक्षकाचा पगार, घरांत अकरा माणसें. त्या नकाराचें आम्हांस आजही वाईट वाटत नाहीं. पुढें महिनाभरानें त्यांच्या दप्तरांत एक पाय तुटलेला ही-मॅन सांपडला. तो शेजारच्या मुलाचा आहे हें आम्हीं ओळखलें. चोरी, असा निर्णय आमच्या मनांत तत्काळ झाला. साऱ्या घरादेखत आम्हीं चिरंजीवांस उभें केलें, शेजारीं नेऊन बाहुला परत करविला आणि क्षमा मागावयास लाविली. रात्रीं आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, पोराला एकदां विचारायचें तरी !” आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

खरी हकीगत आम्हांस आतां कळली. पाय मोडला म्हणून शेजारच्या मुलानें तो बाहुला टाकूनच दिला होता, आणि चिरंजीवांनीं आपल्या साऱ्या गोट्या देऊन तो घेतला होता. “मग त्या वेळीं बोलला कां नाहींस ?” असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “बाबा, तुम्हीं मला विचारलेंच कुठें होतें ?” शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

वाचकहो, शूद्रकाचें मृच्छकटिक आम्हीं अनेकदां वाचलें आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहतो आणि मातीची गाडी नको म्हणून रडतो. वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरते. सबंध नाटकास नांव मिळालें आहे तें त्या खेळण्यावरून. हा प्रसंग वाचतांना आमचे डोळे ओलावले नाहींत असें कधीं झालें नाहीं. आणि आमच्याच घरीं रोहसेन रडत उभा होता, तेव्हां आम्हांस तो चोर दिसला ! अलंकार आमच्यापाशीं नव्हते, हें खरें. पण एक प्रश्न विचारावयास द्रव्य लागत नव्हतें.

गंमत अशी कीं, त्या चित्रमालिकेच्या प्रत्येक भागाअखेर मुलांस एक बोध सांगत असत. चिरंजीवांस त्यांतले कांहीं अजून आठवतात. आमचे त्या दिवसाचे बोल आठवतात कीं काय, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

बाहुला व्यापाऱ्यानें पैशासाठीं केला, हें आमचें म्हणणें आजही कायम आहे. परंतु सात वर्षांच्या मुलानें आपल्या साऱ्या गोट्या ज्यावर वेंचल्या, त्या वस्तूंतील प्रेम व्यापाऱ्याच्या वहींत कोठेंच लिहिलेलें नसतें. घरोघरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंती, कीं मुलाच्या दप्तरांत नको ती वस्तु सांपडली तर निर्णय देण्यापूर्वीं त्यास जवळ घेऊन विचारावें. एकत्र कुटुंबांत न्याय करणारे पुष्कळ असतात. ऐकून घेणारी वहिनी एखादीच. त्या वहिनी आज हयात नाहींत. असत्या तर त्यांचीही क्षमा मागितली असती.

चिरंजीवांची क्षमा आम्हीं मागितली. ते संकोचले आणि “राहूं द्या हो, बाबा” म्हणाले. त्या बाहुल्याचे पाय आंतून एका रबरी बंदानें जोडलेले असतात आणि जुना बंद सैल पडला कीं पाय लोंबतात, असें कळलें. परवां रविवारीं चिरंजीव, धाकटा नातू आणि आम्ही असे तिघे नवा बंद घेऊन बसलों. आमचे हात कांपतात. म्हणून धड धरण्याचें काम तेवढें आमच्याकडे आलें. दुपारपर्यंत वीर स्वतःच्या पायांवर उभा राहिला.