प्लेस्टेशनचा कायमचा पत्ता



या सदरातून आपण घरातील यंत्रांविषयी बोलत असतो. आजच्या लेखात उपयोगाच्या चार गोष्टी आहेत, तशी माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. चूक लहान होती, परंतु तिच्यामुळे बोल एका निरपराध मुलाला लागला, म्हणून ती सांगणे मला आवश्यक वाटते.

आमचे बिऱ्हाड सांगलीत. नातू तेरा वर्षांचा आहे. माझी मुलगी टोरांटोला असते आणि तिची मुलगी नातवाहून एक वर्षाने धाकटी. उन्हाळ्याच्या दिवसांत टोरांटोला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. दर रविवारी त्या वेळी ही आते-मामेभावंडे प्लेस्टेशनवर एकत्र येतात. घरे, पूल, किल्ले बांधण्याचा खेळ आहे. ते सारे जग नातवाच्या यंत्रावर वसलेले असून नात तेथे पाहुणी म्हणून येते. बांधकाम चालू असता दोघांच्या गप्पा चालतात. नातीचे मराठी आज जे काही टिकून आहे, ते बहुतांशी या रविवारच्या गप्पांमुळे. म्हणून त्या तासाला मी केवळ खेळ मानत नाही.

पावसाळ्याच्या तोंडी वीज वारंवार जाऊ लागली आणि एका रविवारी नातीला आत येता येईना. पुढच्या रविवारीही तेच. इंटरनेट चालू होते, मोबाईल चालत होते, मात्र हे एकच दार बंद झाले होते. कारण शोधताना जे समजले ते आधी सांगतो.

आपल्या घरातील राउटर हा एखाद्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा असतो. घरातील प्रत्येक मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच हा जणू यात्रेकरू. तो आला की व्यवस्थापक नोंदवहीत पाहतो, रिकामी खोली देतो आणि मुदत सांगतो. या खोलीचा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, आणि खोल्या वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मुदत बहुधा एक दिवसाची असते, राउटरागणिक ती वेगळीही असते. मुदत संपण्यापूर्वी यंत्राने विचारणा केली तर तीच खोली पुढे चालू राहते. परंतु वीज गेल्यावर काही राउटरची नोंदवही पुसली जाते. मग जो आधी येईल त्याला हाताशी असेल तो क्रमांक मिळतो.

हे क्रमांक घरापुरतेच असतात. मूळ पद्धतीत जगभरासाठी सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते पुरणार नाहीत हे ध्यानात आल्यावर १९९४ मध्ये काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचे ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. त्यामुळे आपल्या घरी १९२.१६८.१.७ हा पत्ता असतो, तसा शेजाऱ्याच्या घरीही असू शकतो. बाहेरच्या जगाला साधारणपणे आपल्या राउटरचा एकच पत्ता दिसतो.

आता बाहेरून कोणी पाहुणा आला तर त्याला कोणत्या खोलीत पाठवायचे? त्यासाठी राउटरला सांगून ठेवता येते की अमुक दारावर जो येईल त्याला अमुक खोलीकडे धाडावे. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आमच्याकडे जोडणी करून देणाऱ्या मुलाने तसे सांगून ठेवले होते, आणि खोली होती सात क्रमांकाची. वीज गेल्यानंतर प्लेस्टेशनला मिळाली बारा क्रमांकाची खोली. नात दारावर येत होती, राउटर तिला इमानाने सातकडे पाठवत होता, आणि तेथे नातू नव्हता.

उपाय मला सोपा वाटला. प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये गेलो आणि आयपी पत्ता स्वयंचलित न ठेवता हाताने १९२.१६८.१.७ असा लिहिला. त्या क्षणी सात क्रमांक रिकामा होता. रविवारी नात आली, किल्ल्याचा बुरूज पुरा झाला. मी स्वतःवर प्रसन्न झालो.

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी, सूनबाईंची कार्यालयाची महत्त्वाची बैठक लॅपटॉपवरून चालू होती. बोलता बोलता त्यांचा आवाज तुटला, चित्र थांबले, जोडणी गेली. पुन्हा जोडली, पुन्हा गेली. त्याच वेळी नातवाने नुकतेच प्लेस्टेशन सुरू केले होते. त्याने ते बंद केले आणि लॅपटॉप सुरळीत झाला. निष्कर्ष उघड होता. बैठक संपल्यावर सूनबाई एवढेच म्हणाल्या, "अण्णा, हा डबा आता परीक्षेपर्यंत कपाटात जाईल." नातू काही बोलला नाही. त्याने यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

त्या रात्री मी राउटरची नोंदवही उघडली तेव्हा माझी चूक माझ्यासमोर उभी राहिली. सात क्रमांकापुढे लॅपटॉपचे नाव होते. मी प्लेस्टेशनला सात क्रमांकाच्या खोलीत नेऊन बसवले खरे, पण व्यवस्थापकाला सांगितलेच नव्हते. दुपारी प्लेस्टेशन बंद असताना राउटरने पाहिले, वहीत सात रिकामी आहे, आणि ती रीतसर लॅपटॉपला दिली. सायंकाळी प्लेस्टेशन जागे झाले आणि आपल्याच समजुतीने त्याच खोलीत शिरले. एका पत्त्यावर दोन यंत्रे आली की आलेले टपाल कधी एकाकडे जाते, कधी दुसऱ्याकडे, आणि दोघांचेही काम अडते. लॅपटॉपचा दोष नव्हता, राउटरचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सूनबाईंना ते सांगितले. कायमचा पत्ता हवा असेल तर तो देणाऱ्याच्या वहीत नोंदवून घ्यावा लागतो, आणि नेमके तेच मी केले नव्हते. हे सर्वांसमोर, नातू ऐकत असताना बोलणे मला उचित वाटले.

आता रीत सांगतो. पुढील नावे प्लेस्टेशन ५ ची आहेत. इतर यंत्रांत शब्द वेगळे असले तरी क्रम हाच.

प्रथम प्लेस्टेशनवर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस, व्ह्यू कनेक्शन स्टेटस येथे जावे. तेथे आयपी पत्ता, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस आणि मॅक पत्ता दिसतो. हे सर्व कागदावर उतरून घ्यावे. मॅक पत्ता ही यंत्राची जन्मजात ओळख होय. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. केबलने जोडल्यास मॅक पत्ता एक असतो, वाय-फायने जोडल्यास दुसरा. ज्या मार्गाने जोडणी आहे त्याचाच घ्यावा.

मग संगणकाच्या किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये डिफॉल्ट गेटवेचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, लिहून राउटरमध्ये प्रवेश करावा. डीएचसीपीच्या पानावर बहुधा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन अशा नावाची सोय असते. तेथे प्लेस्टेशनचा मॅक पत्ता आणि त्यासाठी ठरवलेला आयपी पत्ता लिहून जतन करावा. प्लेस्टेशनवर मात्र काही बदलू नये. ते स्वयंचलितच राहू द्यावे, व एकदा बंद करून सुरू करावे. ते विचारणा करील आणि राउटर दर वेळी तीच खोली देईल. वीज गेली तरी ही नोंद राहते. मी निवडलेला मार्ग हाच.

काही राउटरमध्ये ही सोय नसते. तेव्हा राउटरला वाटपासाठी मर्यादा घालून द्यावी, जसे की १०० पासून १९९ पर्यंतच्याच खोल्या द्याव्यात. मग प्लेस्टेशनवर सेटिंग्ज, नेटवर्क, सेटिंग्ज, सेट अप इंटरनेट कनेक्शन येथे आपली जोडणी निवडून अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडावे. आयपी पत्ता हाताने, या मर्यादेबाहेरचा लिहावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. सबनेट मास्क व गेटवे कागदावर उतरवलेलेच लिहावेत, घरगुती जोडणीत मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. डीएनएस रिकामे सोडू नये. ते चुकले तर जोडणी असूनही काहीच उघडत नाही.

यानंतर पोर्ट फॉरवर्डिंग त्या नव्या पत्त्याकडे वळवावे. प्लेस्टेशनच्या जाळ्यासाठी टीसीपीचे ८०, ४४३ व ३४७८ ते ३४८०, आणि यूडीपीचे ३४७८ व ३४७९ हे पोर्ट वापरात आहेत. काही खेळांना आणखी लागतात. जेवढी दारे लागतात तेवढीच उघडावीत. डीएमझेड नावाची सोय सारीच दारे एकदम उघडते, तिच्या वाटेला जाऊ नये. राउटरचा मूळ पासवर्ड अजून तसाच असेल तर तो याच वेळी बदलावा. शेवटी टेस्ट इंटरनेट कनेक्शन चालवून एनएटीचा प्रकार पाहावा. टाइप २ आला तर बहुधा पुरेसे असते, टाइप ३ आला तर पाहुण्यांना अडचण येते.

तीन खुलासे करून थांबतो. ज्यांच्या राउटरमध्ये यूपीएनपी चालू आहे त्यांची दारे यंत्राच्या विनंतीवरून आपोआप उघडतात, त्यांना हा खटाटोप सहसा करावा लागत नाही. दुसरे, कायमच्या पत्त्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही. तिसरे, राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याखाली ठेवले आहे असे समजावे. मग आपल्या घरातील पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग होत नाही, कंपनीकडेच स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

आमच्याकडे प्लेस्टेशन कपाटात गेले नाही. सूनबाईंनी एक अट घातली, आणि ती रास्त आहे. घरात यापुढे कोणत्याही यंत्रास कायमचा क्रमांक द्यायचा झाल्यास तो आधी वहीत लिहायचा. त्याप्रमाणे नातवाने एका कागदावर यंत्राचे नाव, मॅक पत्ता, क्रमांक आणि तारीख अशी चार रकान्यांची नोंद करून तो राउटरशेजारी भिंतीवर लावला आहे. पहिली ओळ प्लेस्टेशनची, दुसरी त्याच्या आईच्या लॅपटॉपची. गेल्या रविवारी नातीने किल्ल्याला तट घातला आणि त्यास 'तट' म्हणतात हेही विचारून घेतले.