रिकाम्या काडतुसाची साक्ष

३१५ बोअर रायफलीची काडतुसे १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. सरकारी माल म्हणून नांदेड-लातूरकडील परवानाधारक त्यांवर निःशंक विसंबतो. परंतु कारखान्याचा शिक्का म्हणजे अभयपत्र नव्हे. वैशाखाच्या उन्हात तापलेली दारू अधिक वेगाने जळते व दाब वाढतो. नळीत अडथळा असला तरी धोका तोच. बोल्ट उघडण्यास जड जाणे, बुडाची टोपी अतिशय चपटी होणे वा तिला भोक पडणे, चेहऱ्याकडे वायूचा झोत येणे, ही अतिदाबाची लक्षणे होत. अशा वेळी नळी निर्धोक दिशेस ठेवून गोळीबार तत्काळ थांबवावा. बोल्टवर जोर करू नये. रायफल जाणकाराकडून तपासून घ्यावी. ‘पेटीतील उरलेली संपवू’ ही काटकसर डोळ्याच्या मोलाने पडते. रिकामे कवच आणि गटक्रमांकाचे वेष्टन जपून ठेवून विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्यात ही लक्षणे शिकविली जावीत आणि तक्रार उत्पादकापर्यंत पोचविण्याची सोय जिल्ह्यातच व्हावी. एका ग्राहकाचे मौन त्याच गटातील काडतूस वापरणाऱ्या दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.