निर्दोष, तरीही नोंदीतला

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हातात साक्षांकन नमुना पडतो. केंद्र सरकारच्या नमुन्यातला एक रकाना शिक्षेपाशी थांबत नाही. कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, स्थानबद्ध केले होते का, चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेतली होती का, दंड झाला होता का, असे प्रश्न त्यात ओळीने येतात. माहिती खोटी निघाली किंवा दडवली तर अपात्र ठराल, अशी तंबीही छापलेली असते. मग कागद पोलीस ठाण्याकडे जातो. या पडताळणीला छत्तीसगडमध्ये चरित्र सत्यापन म्हणतात.

अडचण अशी, की ‘होय’ या एका उत्तरात किती तरी वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. छत्तीसगडमधलेच बुर्कापालचे प्रकरण पाहावे. २४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यातील बुर्कापालजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे २५ जवान मारले गेले. त्यानंतर आसपासच्या गावांतून आदिवासींची धरपकड झाली, यूएपीए या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली. जुलै २०२२ मध्ये दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने १२१ जणांना निर्दोष सोडले. तोवर पाच वर्षे उलटली होती. गुन्हा शाबीत झाला नाही. पण ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाला या माणसांचे उत्तर जन्मभर ‘होय’ असेच राहणार. तेंदूपत्ता तोडायला किंवा रोजगार हमीच्या कामावर जायला असा नमुना लागत नाही. शिपाई, शिक्षक, वनरक्षक व्हायचे तर लागतो, आणि बस्तरसारख्या भागात शिकलेल्या मुलापुढे पगाराच्या नोकऱ्या बहुतेक याच असतात.

आदिवासींवरील खटल्यांचा फेरविचार करण्यासाठी राज्यात २०१२ मध्ये निर्मला बुच यांची आणि २०१९ मध्ये न्यायमूर्ती ए. के. पटनायक यांची समिती नेमली गेली. खटले मागे घेण्याची चर्चा भरपूर झाली. सुटून आलेल्याच्या पोटापाण्याचे काय, हा विषय मागेच राहिला.

कायद्यात याबाबत एक विचित्र फट आहे. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) २४व्या कलमानुसार अल्पवयीनाला दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक काळानंतर त्याची नोंद नष्ट केली जाते. गंभीर गुन्ह्याचा अपवाद सोडला तर. १९५८च्या परिवीक्षा कायद्याचे १२वे कलम परिवीक्षेवर सुटलेल्या दोषीलाही अपात्रतेपासून वाचवते. मात्र निर्दोष ठरलेल्या प्रौढाची नोंद पुसणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. दोषी ठरलेल्या मुलाची पाटी कोरी होते, निर्दोष सुटलेल्या बापाची होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या अवतार सिंग निकालात काही नियम घालून दिले. उमेदवाराने माहिती खरी द्यावी. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण दडवले गेले असेल तर मालकाने ते सोडून द्यावे. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच लागेल, असे नाही. गंभीर गुन्ह्यातून संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याचा पूर्वेतिहास मालक पाहू शकतो. म्हणजे अखेरचा शब्द फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचाच. छत्तीसगड सरकारने २०२३ मध्ये बलात्कार, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांतील आरोपींची सरकारी नेमणूक निकालापर्यंत रोखण्याचे ठरवले. हेतूबद्दल वाद नाही. पण निकालाला मुदत नसेल तर आरोप हीच शिक्षा होते.

खासगी क्षेत्रातही वाट मोकळी नाही. रायपूरजवळच्या उरला, सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत ठेकेदाराकडे मजुरी मिळू शकते. सुरक्षारक्षकाची वर्दी मात्र सहज मिळत नाही, कारण २००५च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यानुसार रक्षकाच्या चारित्र्याची खातरजमा करावीच लागते.

या बाबतीत वाट दाखवली ती एका बेटांच्या राज्याने. अमेरिकेतील हवाईने १९९८ मध्ये कायदा केला. त्यानुसार मालकाने आधी नोकरी देऊ करायची, शिक्षेबद्दल त्यानंतरच विचारायचे. आणि गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध असेल तरच नकार द्यायचा. बेटावर काय किंवा बस्तरच्या पाड्यावर काय, कोण आत जाऊन आला हे सगळ्यांनाच ठाऊक असते. कुजबुज कायद्याने थांबत नाही. ती नकाराचे कारण होऊ न देणे कायद्याला जमते. महाराष्ट्राने निराळी वाट धरली. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्याच्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ कर्जयोजना आणली. तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज. घरच्यांना त्याचा आधार होतो, पण सुटून आलेल्याला त्यातून नोकरी लागत नाही.

छत्तीसगडला नोकरभरतीत हवाईचा क्रम लावायला हरकत नसावी. राज्याच्या पदांसाठी आधी निवड, मग विचारणा, आणि विचारणा फक्त शिक्षेची व चालू खटल्याची, असे ठरवणे राज्याच्या हातात आहे. ते होईपर्यंत रकान्यात खरे तेच लिहावे. न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढून अर्जाला जोडावी. दडवलेली माहिती उघडकीस आली, तर निर्दोष सुटल्याचा कागदही नोकरी वाचवेलच असे नाही.